पंचगंगा घाटावरचा रविवारचा स्वच्छता उपक्रम : एका स्वयंसेवकाचा अभिप्राय

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर रविवारी सकाळी एक स्वयंसेवी गट स्वच्छतेचे काम करतो. गेल्या हिवाळ्यापासून मी त्यात सहभागी होत आहे. हॉटेल किंवा दुकान याविषयी आपण अभिप्राय लिहितो, तसा तो अशा उपक्रमाविषयीही लिहिला जावा असे मला मनापासून वाटते. कारण येथे माणूस आठवड्यातली एकुलती एक सुट्टी खर्ची घालतो आणि तिचे चीज होते की नाही, हे नव्याने येऊ इच्छिणाऱ्याला आधी कळले पाहिजे.

चीज होते. वर्गणी नाही, गणवेश नाही, भाषणेही नाहीत. उजाडताना घाटावर पोहोचायचे आणि ऊन चढण्यापूर्वी काम आटोपायचे, एवढाच नियम आहे. हातमोजे, खराटे, घमेली आणि पोती गटाकडून मिळतात; पाण्याची बाटली मात्र आपली आपण आणावी.

या गटाचे खरे वैशिष्ट्य कचरा गोळा झाल्यानंतर दिसते. घाटावर सर्वाधिक भरणा निर्माल्याचा असतो आणि ते बहुधा गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतूनच नदीत सोडलेले असते. प्रत्येक पिशवी उघडून आतले हार, नारळ, उदबत्तीचे पुडे, देवाच्या जुन्या तसबिरी हे सारे वेगळे केले जाते. झेंडूच्या हारातला दोरा ओढून काढण्याचे काम सुरुवातीला क्षुल्लक वाटते; पण तो दोरा पुष्कळदा नायलॉनचा असतो, कुजत नाही आणि खताच्या खड्ड्यात फावड्याला गुंडाळत राहतो. म्हणून फुले दोऱ्याविना एका पोत्यात, प्लास्टिक दुसऱ्यात आणि काच तिसऱ्यात जाते, आणि महापालिकेचा टिपर येईपर्यंत ही पोती एकमेकांत मिसळू नयेत याकडे एक ज्येष्ठ कार्यकर्ते जातीने लक्ष देतात. सगळा कचरा एकत्र कोंबून फोटो काढणाऱ्या मोहिमा आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. त्यांच्या तुलनेत हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण येथे उचललेली वस्तू पुन्हा कोणाच्या तरी दारात जाऊन पडत नाही. ही नदी पुढे इचलकरंजीवरून वाहत जाऊन नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आपण घाटावर जे सोडतो ते खालच्या गावांच्या वाट्याला जाते, हे भान या गटात पुरेपूर आहे.

उणिवाही आहेत. नव्याने आलेल्या माणसाला काम समजावून सांगणारे ठरावीक कोणी नसल्यामुळे तो पहिल्या दिवशी बराच वेळ खराटा धरून नुसता उभा राहतो, आणि एकट्या आलेल्या कित्येक तरुण मुली दुसऱ्यांदा फिरकत नाहीत. जुन्या सदस्यांपैकी एकाने दर रविवारी एवढीच जबाबदारी घेतली, तरी हे सहज टळेल.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अधूनमधून हाच गट रंकाळा तलावावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढायला जातो. हे काम अंगमेहनतीचे असते. पाण्याने भरलेली ती वनस्पती काठावर ओढून निथळू द्यावी लागते, नाहीतर वाहनातून पाणीच वाहून न्यावे लागते. परंतु केंदाळ फोफावते ते सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र आणि स्फुरदावर, आणि ते सांडपाणी थांबल्याशिवाय काढलेली जागा काही आठवड्यांत पुन्हा हिरवी होते. पंचगंगेचेही तेच आहे. जयंती नाल्याचे पाणी प्रक्रियेविना नदीत मिसळते त्या दिवशी आमच्या पोत्यांचा हिशेब फारच तोकडा पडतो. नाला ओसंडला की त्याची तारीख, वेळ आणि छायाचित्र यांची नोंद ठेवून ती महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नियमितपणे लेखी द्यावी, असे मी गटाला सुचवले आहे. श्रमदान आणि पाठपुरावा हे एकाच कामाचे दोन भाग आहेत आणि यातला दुसरा भाग येथे अजून सुरू झालेला नाही.

माणसांची वाण कोल्हापूरला कधीच नव्हती. 2019 आणि 2021 च्या महापुरात पेठापेठांतल्या तालमी आणि तरुण मंडळे ज्या तडफेने मदतीला धावली, ते साऱ्या शहराने पाहिले आहे. मूर्तिदान आणि निर्माल्यदानही येथे रुजले आहे. या तालमींनी आळीपाळीने एकेक रविवार घेतला, तर आज मोजक्या माणसांवर पडणारा भार पुष्कळ हलका होईल. त्यासाठी गटाने आपणहून त्यांच्या दारी जायला हवे.

सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांनी शक्यतो पावसाळ्यापूर्वी यावे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला पोहोचते तेव्हा घाट केव्हाच बुडालेला असतो. पूर ओसरल्यावर दगडी पायऱ्यांवर राहणारा गाळ ओला असतानाच खोऱ्याने ओढून धुवावा लागतो, वाळला की तो खरवडणे जिकिरीचे होते. त्या दोन-तीन दिवसांत काम माहीत असलेली माणसे लागतात आणि तेव्हा शिकवायला कोणाला सवड नसते. घसरणार नाही अशी जुनी चप्पल घालावी आणि हातापायावर जखम असेल तर पाण्यात उतरू नये. लहान मुलांना आणायचे असल्यास त्यांना पायऱ्यांच्या वरच्या बाजूला फुले वेगळी करण्याचे काम द्यावे. ती ते फार मन लावून करतात.