क्रमशः की समग्र? पहिली कादंबरी लिहिणाऱ्यासाठी

कादंबरीचं बीज सापडलंय, तीन-चार प्रकरणं लिहून झालीत आणि आता मन अडलंय ते एकाच प्रश्नावर. दर आठवड्याला एकेक भाग वाचकांपुढे ठेवत जावं, की सगळं लिहून, तपासून मगच बाहेर काढावं? लोक मोबाइलवर वाचू लागल्यापासून पहिला मार्ग पुन्हा खुला झालाय. पुन्हा म्हणायचं कारण, तो जुनाच आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये मासिक भागांत निघाली आणि शेवटाकडे एकेका भागाचा खप चाळीस हजारांच्या घरात गेला. आपल्याकडे ह. ना. आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातूनच हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती आली.

या दोन मार्गांची तुलना करताना बहुतेक जण वाचकसंख्येबद्दल बोलतात. माझ्या मते खरा फरक दुसरीकडे आहे. शेवट लिहून झाल्यावर सुरुवात बदलायचा हक्क तुमच्याकडे उरतो की नाही, हा तो फरक.

अँथनी ट्रोलप हा डिकन्सचाच समकालीन. कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय तिचा पहिला भागही छापायला द्यायचा नाही, असा त्याचा नेम होता. शेवटाशी सुरुवात जुळवून घेण्याची मुभा लेखकाने अखेरपर्यंत हातात ठेवावी, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. १८६० मध्ये नव्याने निघालेल्या एका मासिकासाठी त्याला हा नेम मोडावा लागला, पण नेमामागचं कारण त्यामुळे खोटं ठरत नाही. त्याची किंमत मला स्वतःच्या लिखाणातून कळली. क्रमशः लिहिलेल्या माझ्या कथेत चौथ्या भागात मी नायिकेला धाकटी बहीण दिली, निव्वळ संवादाला कुणीतरी हवं म्हणून. अकराव्या भागाशी पोचल्यावर उमगलं की ही बहीण मोठी असती, तर सगळ्या घराचं मौन आपोआप उलगडलं असतं. पण चौथा भाग वाचला गेला होता. मग एक मावशी आणली. ती शेवटपर्यंत उपरीच राहिली, आणि ते मला अजून सलतं.

मग डिकन्सने कसं निभावलं? त्याची टिपणं शिल्लक आहेत आणि क्रमशः लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावीत असं मला मनापासून वाटतं. ‘डॉम्बी अँड सन’पासून पुढे तो प्रत्येक भागासाठी एक कागद घेई आणि त्याचे दोन भाग करी. उजवीकडे त्या हप्त्यातली प्रकरणं आणि घटना. डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न: अमुक पात्र या भागात आणायचं का? तमुक गोष्ट आता उघड करायची का? आणि त्यापुढे उत्तरं: हो, नाही, अजून नको. मला यातलं ‘अजून नको’ सगळ्यात मोलाचं वाटतं. हप्त्याने लिहिताना हातात असेल ते सगळं आजच देऊन टाकायचा मोह होतो, कारण वाचक आज समोर असतो. काय राखून ठेवायचं हे लिहून ठेवलं नाही, तर सहाव्या भागातच झोळी रिकामी होते.

हप्त्याची बांधणीही वेगळी असते. पुस्तकातलं प्रकरण शेजारच्या प्रकरणांच्या आधाराने उभं राहतं, हप्त्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. वाचक आठवडाभराने परत येतो, तोवर नावं विसरलेला असतो, आणि बहुधा प्रवासात किंवा कामाच्या मध्ये वाचत असतो. म्हणून पहिल्या चार ओळींत कोण, कुठे, कशात अडकलंय हे कळायला हवं, पण गेल्या भागाची उजळणी केल्यासारखं वाटायला नको. पात्राला एखाद्या कृतीत पकडा. आठवण आपोआप जागी होते. प्रत्येक भागात एक छोटी गोष्ट पूर्ण व्हावी आणि एक नवी उघडावी. नुसतं दारावर थाप पडली आणि ‘क्रमशः’, असं तीनदा केलंत की चौथ्यांदा वाचक फसत नाही. पात्राने नुकताच घेतलेला चुकीचा निर्णय त्याहून जास्त दिवस मनात राहतो. आणि पुढे पुस्तक करायचं ठरलं, तर हेच टोकदार शेवट आणि आठवण करून देणाऱ्या जागा सलग वाचताना खटकतात. त्यांची डागडुजी हे वेगळं, चांगलंच मोठं काम असतं.

प्रतिसादाचं म्हणाल तर तो क्रमशःचा खरा लाभ आहे, पण सगळा नाही. अमेरिकन लेखक अँडी वीअरने ‘द मार्शियन’ ही विज्ञानकादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने दिली होती, आणि विज्ञान जाणणाऱ्या वाचकांनी त्याला चुका दाखवून दिल्या. अशी दुरुस्ती डोळे मिटून घ्यावी. कुठे कळलं नाही, कुठे कंटाळा आला, हेही ऐकावं. पण अमक्याचं तमकीशी जुळवा, त्याला मारू नका, ही मागणी आली की लेखकाने कान बंद करावेत. कथा कुठे चाललीय हे वाचकाला ठाऊक नसतं, आणि नसावंच.

लिखाण तडीस नेण्याच्या बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच अवघड आहेत. एकट्याने बसून समग्र लिहिताना कुणी वाट पाहत नसतं, म्हणून हस्तलिखित वर्षानुवर्षं खणात पडून राहतं. हप्त्यात वाट पाहणारे असतात, पण थांबलात तर अर्धवट कथा सगळ्यांदेखत उघडी पडते. ९ जून १८७० रोजी डिकन्स गेला, तेव्हा त्याच्या शेवटच्या कादंबरीचे ठरलेल्या बारांपैकी सहाच भाग लिहून झाले होते. आपल्याला थांबवायला आजारपण किंवा नोकरीतली धावपळसुद्धा पुरते.

एक व्यवहाराची गोष्ट: बऱ्याच स्पर्धा, नियतकालिकं आणि प्रकाशक पूर्वप्रसिद्ध मजकूर घेत नाहीत. कुठे पाठवायचा विचार असेल, तर नियम आधी वाचा.

रहस्यकथा असेल, किंवा शेवटच्या पानाने आधीच्या सगळ्याचा अर्थ बदलणार असेल, तर मी समग्रच सांगेन, दुसरा विचारही करू नका. पात्रं पुष्कळ आहेत, प्रत्येकाची आपापली हकिगत आहे, कथा पुढे पुढे वाहत जाणारी आहे, तर क्रमशः तिला मानवेल. तरी पहिला भाग देण्याआधी निदान दहा भाग तयार ठेवा. सगळ्या कादंबरीचा कच्चा खर्डा हाताशी असेल तर उत्तमच. मग दर आठवड्याला फक्त संस्कार उरतो, आणि पुढचं ठाऊक असल्यामुळे मागचं नेमकं पेरता येतं.

अजूनही ठरत नसेल तर या आठवड्यात शेवटचं प्रकरण लिहा, कसंही, ओबडधोबड. दोन दिवस ते बाजूला ठेवा आणि मग पहिलं प्रकरण काढून वाचा. तिथे हात शिवशिवायला लागले, एखादं वाक्य, एखादं पात्र बदलावंसं वाटलं, तर पहिला भाग इतक्यात कुणाला देऊ नका.