क्रिस्टियानियाची गायडेड टूर (कोपनहेगन) – अध्यक्ष नसलेली वस्ती चालते कशी ते बघायचं असेल तर नक्की घ्या

कोपनहेगनला पाहुणे आले की ठरलेला कार्यक्रम असतो, लिटल मर्मेड, निहाउन, टिवोली आणि वेळ उरला तर क्रिस्टियानियात अर्ध्या तासाची चक्कर. रंगवलेल्या भिंतींसमोर फोटो काढायचे, "हे ते हिप्पींचं गाव" म्हणायचं आणि परत मेट्रो पकडायची. माझं प्रामाणिक मत सांगू का, असं जायचं असेल तर नका जाऊ. तिथेच राहणारे लोक गायडेड टूर चालवतात ती घ्या, कारण त्या जागेत खरी भारी गोष्ट म्हणजे तिथल्या मीटिंगा, आणि त्या काही एकट्याने फिरून दिसत नाहीत.

आई-बाबा डोंबिवलीहून आले होते त्यांना घेऊन गेलेलो. बाबा आमच्या सोसायटीचे बरीच वर्षं सेक्रेटरी होते, म्हणजे एजीएममधे पार्किंगवरून झालेली भांडणं, पाण्याच्या टाकीचा खर्च, मेंटेनन्स थकवणारे लोक, सगळं भोगलेला माणूस. त्यांना हिप्पी वगैरेत काडीचा रस नव्हता पण "इथे कमिटीच नाहीये" एवढं ऐकल्यावर ते गाइडच्या अगदी पुढे पुढे चालायला लागले.

मागची गोष्ट थोडक्यात. क्रिस्टियन्सहाउन भागातली लष्कराची बराक १९७१ ला रिकामी झाली, पोरांना खेळायला जागा हवी म्हणून आजूबाजूच्या लोकांनी कुंपण तोडलं, मागोमाग घर नसलेली तरुण मंडळी आत शिरली आणि २६ सप्टेंबर १९७१ हा वस्तीचा वाढदिवस ठरला. जागा ३४ हेक्टर, तीही राजधानीच्या मधोमध पाण्याकाठी, आणि आज तिथे साधारण नऊशे-हजार लोक राहतात. १९७३ ला सरकारने "सामाजिक प्रयोग" म्हणून चालू द्या म्हटलं आणि नंतर सरकारं बदलत गेली तसं ते पुन्हापुन्हा मोडायचेही प्रयत्न झाले. हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, टूरमधे मजा पुढच्या भागात आहे.

तर व्यवस्था अशी. सगळी वस्ती डझनापेक्षा जास्त भागांत वाटलेली आहे आणि प्रत्येक भागाची स्वतःची मीटिंग असते. आपल्या भागातलं जे काही आहे, कुणाच्या छताची दुरुस्ती, कुणाचं कुणाशी वाजलंय, रिकाम्या झालेल्या घरात कोणाला घ्यायचं, ते तिथे ठरतं. तिथे नाही सुटलं किंवा विषय सगळ्या वस्तीचा असला की सगळ्यांची एकत्र मीटिंग, तिला कुठलाही रहिवासी येऊ शकतो. आणि तिथे मतदान नसतं. हात वर करून मोजणी नाही, चिठ्ठ्या नाहीत, एकमत होईपर्यंत बोलायचं. बाबांनी लगेच विचारलं की एकच माणूस नाही म्हणत बसला तर? तर काही नाही, परत बोलायचं, आज नाही झालं तर पुढच्या मीटिंगला. बाबा मला हळूच म्हणाले, "अरे मग आमचे दुसऱ्या मजल्यावरचे असते तर इथे लाइटपण आली नसती." दुसऱ्या मजल्यावरचे काका ज्यांना माहीत आहेत त्यांना कळेल.

पण नीट ऐकलं तर त्यामागे डोकं आहे. मतदान घेतलं की ५१ जिंकतात आणि ४९ घरी जाऊन रुसून बसतात आणि मग तेच ४९ लोक काम होऊ देत नाहीत, हे तर आपण प्रत्येक सोसायटीत बघतो. इथे वेळ आधीच जातो, निर्णय घेताना, रात्री उशिरापर्यंत. शिवाय विरोध करणाऱ्याला नुसतं नाही म्हणून चालत नाही, मग तुझं म्हणणं काय ते सांग असं होतं. घर कुणाच्याच मालकीचं नाही, विकता येत नाही, मुलांच्या नावावर करता येत नाही, सोडलं की ते परत वस्तीचं. दर महिन्याला मोठ्या माणसांनी कॉमन फंडात पैसे भरायचे.

आईचा प्रश्न सगळ्यात बेस्ट होता, मग कचरा कोण उचलतं? कारण बिनसाहेबाच्या गावात सगळे कविता करणार आणि झाडू कोणी मारणार नाही अशी तिची खात्री होती. तर कचऱ्याची त्यांची स्वतःची टीम आहे, बागकामाची आहे, बांधकामाचं ऑफिस आहे, बालवाडी आहे, आणि हे सगळं त्या कॉमन फंडातून चालतं. पुढे बॉक्स लावलेल्या त्या प्रसिद्ध क्रिस्टियानिया सायकली, ज्यात इथले आईबाप पोरांना बसवून नेतात, त्याही १९८४ पासून इथल्याच वर्कशॉपमधे सुरू झाल्या (नंतर त्यांचं उत्पादन डेन्मार्कच्याच बॉर्नहोम बेटावर गेलं). म्हणजे काम करत नाहीत हा आरोप टिकत नाही.

आता ज्या भागासाठी मी ही टूर रेकमेंड करतोय तो भाग, पुशर स्ट्रीट, म्हणजे जिथे गांजा-चरसचे स्टॉल उघड्यावर लागायचे ती गल्ली. नियम इथेही आहेत बरं का, हार्ड ड्रग्ज नाही, शस्त्र नाही, मारामारी नाही, गाड्या नाहीत. १९७९ ला हेरॉइनने माणसं मरायला लागली तेव्हा रहिवाशांनीच ४० दिवस नाकाबंदी करून विकणाऱ्यांना हाकललं आणि व्यसनींना सांगितलं की उपचार घ्या नाहीतर निघा. हे एकमताने झालं आणि टिकलं, हार्ड ड्रग्जची बंदी आजही आहे. पण गांजा-चरसचं तसं झालं नाही. आधी तो चालू दे म्हणणारे त्यांच्यातलेच पुष्कळ, आणि हळूहळू धंदा बाहेरच्या टोळ्यांच्या हातात गेला. २०१६ ला पोलिसांवर गोळीबार झाल्यावर लोकांनी स्वतः स्टॉल पाडले, थोड्या दिवसांत स्टॉल परत उभे. ऑगस्ट २०२३ मधे तिथे गोळी लागून माणूस मेला. शेवटी ६ एप्रिल २०२४ ला रहिवाशांनी पहारी घेऊन त्या रस्त्याचे दगडच उखडून काढले, आणि आलेल्या लोकांना एकेक दगड घरी न्यायला दिला.

माझ्या मते या व्यवस्थेचं सगळं बळ आणि सगळी भोकं या एका गल्लीत दिसतात. एकमत त्याच्याशी होतं जो मीटिंगला येतो आणि ज्याला उद्याही तुमच्या शेजारी राहायचंय. टोळीवाल्याला काय पडलंय? तो काही हात जोडून "माझा मुद्दा ऐका" म्हणायला येणार नाही. तिथे पोलीस, सरकार, महापालिका यांना सोबत घ्यावंच लागलं, ज्यांच्यापासून लांब राहायला ही वस्ती उभी राहिली. हे मान्य करायला त्यांना किती वर्षं लागली बघा. बाबा म्हणाले चांगला चेअरमन असता तर दहा वर्षं आधी झालं असतं. मी म्हटलं वाईट असता तर? त्यावर ते काही बोलले नाहीत, पुढे चालायला लागले.

दुसरा किस्सा २०११ चा. वस्तीवाले डेन्मार्कच्या सुप्रीम कोर्टात हरले, जमिनीवर हक्क सरकारचा. सरकारने म्हटलं विकत घ्या. आता मालकी मानत नाही अशा लोकांनी जमीन घ्यायची की नाही? तर एप्रिलमधे त्यांनी चक्क काही दिवस वस्तीच बाहेरच्यांसाठी बंद केली, दुकानं-हॉटेलं सकट, आणि आत बसून बोलत राहिले. मग फाउंडेशन काढून बाजारभावापेक्षा बऱ्याच स्वस्तात, सुमारे ७.६ कोटी क्रोनरला सौदा झाला, पैशासाठी लोकांना शेअर विकले ज्यावर ना मत मिळतं ना डिव्हिडंड. गंमत म्हणजे सही करायला कायद्याला कोणीतरी लागतंच, म्हणून बिनबोर्डाच्या वस्तीला फाउंडेशनचं बोर्ड आलं.

खटकलेलं एकच, व्यवस्थेबद्दल, टूरबद्दल नाही. पद नाही म्हणजे वजन नाही असं नसतं. १९७१ पासूनचा माणूस आणि काल आलेला माणूस मीटिंगमधे सारखाच बोलेल हे मला पटत नाही, आणि ज्याला नोकरी-पोरंबाळं आहेत तो रात्री उशिरापर्यंत बसू शकत नाही, मग जो बसतो त्याचंच चालतं. घर मिळायचंही तसंच, शेजाऱ्यांनी हो म्हणायला हवं, मग आधीपासून ओळखीचा तोच सोयीचा. बाहेरून अशी टीका कायम होत आलीय आणि मला ती रास्त वाटते.

जाणाऱ्यांसाठी: मेट्रो क्रिस्टियन्सहाउन स्टेशनला उतरा, बाहेरून गोल जिना असलेल्या चर्चच्या रोखाने चालत जा, मेन गेट प्रिन्सेसेगेडवर आहे. टूरच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात त्यामुळे आधी बघून जा. चालायला बरंच आहे आणि रस्ते कच्चे, तेव्हा चांगले बूट घाला. लोकांची घरं आहेत, खिडकीत कॅमेरे घालू नका. शाकाहारी लोकांसाठी मॉर्गनस्टेडेट नावाचं छोटं हॉटेल आहे, तेही असंच सगळ्यांनी मिळून चालवलेलं, आईने तिथलं सूप आवडीने खाल्लं आणि मीठ मागितलं. टूर झाल्यावर लगेच बाहेर पडू नका, पाण्याच्या पलीकडे लोकांनी हाताने बांधलेली घरं आहेत, एक स्तूपही आहे, तिकडे जा.

टूरला पाचपैकी पाच. व्यवस्थेला माझ्याकडून साडेतीन, बाबांकडून दोन, आणि ते दोनसुद्धा कचऱ्याच्या टीमसाठी.