सेकंडहँड टूरिंग सायकलच्या नावाखाली ५६,९९९ रुपये गेले, फोटोत चेन कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा

आधी आकडा सांगून टाकते. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, टोकन ५,०००. बुधवारी १२ तारखेला २१,०००. शुक्रवारी १४ ला २६,०००. शनिवारी १५ ला ट्रान्सपोर्टचा "रिफंडेबल इन्शुरन्स" म्हणून ४,९९९. एकूण ५६,९९९. यातले ४०,००० भिशीचे होते, माझा नंबर मी मुद्दाम दिवाळीनंतरचा मागून घेतला होता. नवऱ्याला खरा आकडा चार दिवस सांगितला नाही, सासूबाईंना अजूनही माहीत नाही.

आणि कोणी लगेच म्हणू नका की ऑनलाइन असं कोणालाही पैसे देतात का. मला माहीत नव्हतं असं नाही. आर्मीतला आहे, बदली झालीय, कॅन्टीनचं कार्ड पाठवतो, क्यूआर स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील, हे सगळं मला पाठ आहे, माझ्या आत्तेभावाला मीच वाचवलंय त्यातून. पण हा सायकल विकणारा माणूस तसा नव्हता. त्याने एकदाही घाई केली नाही, एकदाही लिंक पाठवली नाही. तो सायकलिंगचं बोलत होता. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात, ६०० ला चाळीस, आपण ६०० एकोणचाळीस तासांत कशी संपवली, शेवटच्या कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या थांब्याला, पायांत कसे गोळे आले होते, असं सगळं. मला ताई म्हणायचा. मडगावला राहतो म्हणाला, परदेशात नोकरी लागली म्हणून सायकल विकतोय. आपल्यातलाच माणूस आहे असं वाटलं की आपण तपासणं सोडून देतो, आणि ह्या लोकांना ते बरोबर माहीत असतं.

सायकल कुठली ते सांगते म्हणजे मी का हुरळले ते कळेल. सर्ली लाँग हॉल ट्रकर. क्रोमोली स्टीलची फ्रेम, ३६ स्पोकची चाकं, पुढे-मागे कॅरिअर लावायला बोल्टची सोय, तीन बाटल्यांची जागा, चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर, जादा स्पोक ठेवायच्या खाचासुद्धा. माझी उंची पाच फूट एक इंच. ह्या उंचीला टूरिंग सायकल, म्हणजे सामान लादून लांब जायची सायकल, आपल्याकडे मिळतच नाही, दुकानात गेलं की मोठी फ्रेम देतात आणि सीट खाली करून घ्या म्हणतात. ह्या मॉडेलची सगळ्यात लहान फ्रेम ४२ सेंटीमीटरची, तिला २६ इंची चाकं येतात, आणि २६ चा टायर-ट्यूब तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळतो, हा कोकणात फिरताना केवढा मोठा आधार आहे ते जो अडकलाय त्यालाच कळेल. कंपनीने हे मॉडेल बंद केलंय. म्हणजे सेकंडहँड सोडून रस्ताच नाही. अशात ४२ ची फ्रेम, ब्रूक्सचं सीट, दोन्ही कॅरिअर आणि ऑर्टलीबच्या चार पॅनिअर बॅगा (कॅरिअरला लटकवायच्या) मिळून ५२,००० ला. चार वर्षं जी वस्तू शोधतोय ती समोर आल्यावर काय होतं माणसाचं.

गेल्या वर्षी साध्या हायब्रिड सायकलींवर सामान लादून गेलो होतो आम्ही दोघी, मी आणि मैत्रीण, नाशिकहून सायकली मुंबईपर्यंत टेम्पोत, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, मग अलिबाग, मुरुड, आगरदांड्याहून जेट्टीने दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून पलीकडे वेश्वी. केळशीच्या पुढच्या चढावर माझ्या मागच्या चाकाचे दोन स्पोक गेले आणि दापोलीपर्यंत टमटममध्ये सायकल घालून जावं लागलं. कोकणात खाडी आली की खाली उतरायचं आणि लगेच भिंतीसारखं वर चढायचं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि पंधरा किलो सामानाला हायब्रिडचं चाक टिकत नाही. ह्या डिसेंबरला उरलेलं करायचं होतं, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, गणपतीपुळे, मग विजयदुर्ग, देवगड, मालवण करत तेरेखोलपर्यंत. सुट्टी मंजूर होती. सायकल हवीच होती.

आता जिथे मला कळायला हवं होतं ते.

त्याने सहा फोटो पाठवले. हिरवी फ्रेम, तपकिरी सीट, लाल बाटली, मागे दगडी भिंत. फ्रेमवरचं नाव काळ्या टेपने झाकलेलं. मी विचारलं तर म्हणाला, ताई प्रवासात चोरांची नजर पडू नये म्हणून मी टेप लावतो. आता हे खरंच करतात लोक, मी पण केलंय, म्हणून मला उलट तो पक्का वाटला. मी तो फोटो गूगलवर टाकून शोधलाही, कुठे सापडला नाही, म्हणजे चोरलेला नाही असं धरलं. मग तो म्हणाला पुढची लहान चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळचं दातेरी चाक, २६ दातांची आहे, चढाला सोपी जाईल. खरं का ते बघायला मी फोटो झूम केला आणि दात मोजले. रात्री साडेअकराला, चष्मा लावून, बोटाने एकेक दात मोजले, दोन वेळा. सव्वीस भरले. आणि त्या चेनरिंगकडे एवढं टक लावून बघताना मला हे दिसलं नाही की चेन डाव्या बाजूला आहे.

चेन डाव्या बाजूला. सायकलची चेन उजवीकडे असते, लहान पोराच्या सायकलीपासून दूधवाल्याच्या सायकलीपर्यंत उजवीकडे. मी आठवड्याला दीडशे किलोमीटर चालवते, दर रविवारी त्याच चेनला स्वतःच्या हाताने तेल घालते. फोटो आरशासारखा उलटा केलेला होता. कुठल्यातरी दुसऱ्या सायकलस्वाराच्या प्रवासाचा फोटो उचलायचा, उलटा करायचा म्हणजे गूगलला सहज सापडत नाही, आणि उलटं केल्यावर फ्रेमवरचं नाव उलटं दिसेल म्हणून त्यावर टेप. टेप खरी नव्हतीच, फोटोवर रंगवलेली होती. हे मला १८ तारखेला आमच्या सायकल मिस्त्रीने सांगितलं, मी त्याला फोटो दाखवायला गेले तेव्हा. "ताई, ह्याची चेन हिकडं कशी?" एवढंच म्हणाला तो. मी तिथल्या स्टुलावर बसले ती दहा मिनिटं उठलेच नाही.

मधलं पटकन सांगते कारण ते तुम्हाला माहितीये. टोकन देताना यूपीआयवर एका बाईचं नाव आलं, मिसेसचं खातं आहे म्हणाला. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते बँकेतलं नाव असतं, तेच नाव विकणाऱ्याच्या आधारवर नसेल तर तिथेच थांबा, मिसेस, भाऊ, मित्र काही चालवून घेऊ नका. मग पॅकिंगचा व्हिडिओ आला, पुठ्ठ्याचं खोकं आणि बबल रॅप, सायकल दिसतच नव्हती, त्यावर २१,०००. मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला, नंबर, शिक्का, सगळं, त्यावर २६,०००. बिल्टीचा नंबर पैसे देण्याआधी ट्रान्सपोर्टच्या आपल्या गावातल्या ऑफिसात जाऊन विचारा, मी सोमवारी नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या ऑफिसात गेले, पैसे देऊन तीन दिवसांनी, तिथला मुलगा म्हणाला आमच्या बिल्टीचा नंबर असा असतच नाही. फोन केला तर हा म्हणाला, जीएसटीचे ७,८०० भरा, माल चेकपोस्टवर अडकलाय. तेव्हाही, खरं सांगते, मी पाच मिनिटं विचार केला की भरावे का. एवढे गेलेत तर. तेवढे मात्र भरले नाहीत.

व्हिडिओ कॉल मी मागितला होता हो. दोनदा. एकदा रेंज नव्हती, एकदा ऑफिसात होता. तिसऱ्यांदा मागायला मला लाज वाटली, आपण संशय घेतोय असं वाटेल म्हणून. ती लाज ५६,९९९ ला पडली. मडगावात सायकल चालवणारे लोक आहेत, ग्रुपवर एक मेसेज टाकला असता तर कोणीही जाऊन बघून आलं असतं.

आता पुढचं, ज्याचा मला ह्या चोरापेक्षा जास्त राग आहे.

मंगळवारी मिस्त्रीकडूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. चौथ्या वेळी लागला. तक्रार घेतली, नंबर दिला, तो माणूस नीट बोलला, पण म्हणाला शुक्रवारीच केला असता तर पैसे वाटेत अडवता आले असते. म्हणून सांगते, संशय आला की आधी १९३०, मग नवऱ्याला, मग रडायचं ते रडा. मग बँक. तिथल्या साहेबांनी स्क्रीनवरून नजर न उचलता विचारलं, पिन तुम्हीच टाकला ना? हो टाकला. मग आम्ही काय करणार. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे तो आपल्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांचा आहे, माझं त्यात बसत नाही, मान्य. पण ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले ते खातं ह्यांच्याच बँकेचं आहे! ह्यांनीच तिची केवायसी केलीय, मला वारस नोंदवायला तीनदा फोटो आणायला लावणाऱ्यांनी. ते खातं कोणाचं, कधी उघडलं, विचारलं तर गोपनीय आहे. चोराचं गोपनीय.

पोलिसांचं तर काय सांगू. सायबरला गेले, ते म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या स्टेशनला जा. स्टेशनला गेले, ते म्हणाले ऑनलाइनचं आहे, सायबरला जा. परत सायबर. परत स्टेशन. ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, मिस्टर कुठेत? दुसरा, सायकल बावन्न हजाराची असते का? आणि शेजारचा हसला. ज्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्याच नाशिकमध्ये मला विचारतात सायकल बावन्न हजाराची असते का. मोटारसायकल असती तर हसला असता का तो? मग म्हणाले माणूस गोव्याचा आहे, गोव्याला जाऊन तक्रार द्या. मी घरून वाचून गेले होते, म्हटलं १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि फसवणुकीचं कलम आता न्याय संहितेचं ३१८ आहे, ४२० नाही. त्यावर, "मॅडम, वकील आहात का?" नाही, मी शाळेत शिकवते, आणि मला वाचता येतं. चार चकरांनंतर अर्ज घेतला. एफआयआर नाही, अर्ज. त्याच्या कॉपीवर शिक्का मारायलाही अर्धा तास उभं केलं. शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, नंतर अर्ज आलाच नाही म्हणतात, आणि सोबत स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा नंबर), स्टेटमेंट सगळं प्रिंट काढून न्या, तिथे प्रिंटर कायम बंद असतो.

पैसे तीन खात्यांतून फिरलेत. तिसऱ्या खात्यात ६,३४० होल्ड झालेत. ते मिळायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात, आणि ऑर्डरसाठी पोलिसांचा रिपोर्ट लागतो, आणि रिपोर्ट देणारे साहेब बंदोबस्ताला गेलेत. तीन आठवडे बंदोबस्तालाच आहेत.

मैत्रीण डिसेंबरला एकटी जाऊन आली, मी नाही गेले. हायब्रिडला मिस्त्रीकडून ३६ स्पोकचं मागचं चाक बांधून घेतलंय, ४,२०० रुपयांत. हेच आधी केलं असतं तर कोकण झालंच असतं, त्याला सर्लीच लागते असं नव्हतं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी फ्रेम नंबर मागाच, पॅडल जिथे जोडतात त्या नळीच्या खाली कोरलेला असतो, आणि शेजारी कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून एकाच फोटोत दोन्ही मागा. ज्याच्याकडे सायकल आहे त्याला दोन मिनिटं लागतात. पहिलं बिल मागा. निम्मे पैसे हातात सायकल आल्यावरच.

परवा तोच फोटो पुन्हा दिसला. किंमत आता ४५,०००, गाव मडगावऐवजी कोल्हापूर, विकणाऱ्याचं नाव दुसरं. मी रिपोर्ट केलाय पण जाहिरात अजून तिथेच आहे. हिरवी फ्रेम, काळी टेप, लाल बाटली, दगडी भिंत, चेन डावीकडे. दिसली तर तुम्हीही रिपोर्ट करा, आणि कोणी टोकन दिलं असेल तर आजच्या आज १९३० ला फोन लावा, लागेपर्यंत लावत राहा.