ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले: चलानाच्या एपीके फाइलने होणारी फसवणूक

फसलेला माणूस तक्रार करायला आला की पहिलं वाक्य जवळजवळ हेच असतं: "ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही हो." आणि तो खरंच बोलत असतो. त्याला कुणाचा फोन आलेला नसतो, गोड बोलून कुणी आकडे काढून घेतलेले नसतात. व्हॉट्सॲपवर आलेली एक फाइल त्याने उघडली, विचारलं त्याला "हो" म्हटलं, आणि सकाळी उठला तर खात्यात शे-दोनशे रुपये उरलेले. ओटीपी त्याच्याच फोनमधून परस्पर पुढे गेले होते. "ओटीपी सांगू नका" एवढंच पाठ केलेल्या माणसाला या फसवणुकीपासून काहीही संरक्षण नाही.

मेसेज बहुतेक वेळा आरटीओ चलानाचा असतो. तुमच्या गाडीने सिग्नल तोडला, एवढा दंड झाला, पुरावा पाहण्यासाठी खालील फाइल उघडा. सोबत खरा वाटेल असा चलान क्रमांक. लग्नसराईत त्याचीच लग्नपत्रिका होते, हप्त्याच्या सुमाराला पीएम किसानची यादी होते, एरवी वीज तोडण्याची नोटीस, गॅसचं थकीत बिल किंवा बँकेचे रिवॉर्ड पॉइंट. नाव काहीही असो, फाइलच्या नावाच्या शेवटी "डॉट एपीके" असतं, म्हणजे ती अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल असते. मध्ये मुद्दाम "पीडीएफ" किंवा "जेपीजी" घुसवतात, म्हणजे घाईत नजर तिथेच थांबते. व्हॉट्सॲपमध्ये अशा फाइलचा फोटो दिसत नाही, कागदाचं चिन्ह दिसतं आणि खाली आकार व प्रकार लिहिलेला असतो. पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते, व्हिडिओ म्हणून येते. ती इन्स्टॉल करावी लागत असेल तर ती पत्रिका नव्हेच.

फाइल ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून उघडली, असंही पुष्कळदा ऐकायला मिळतं. त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करताना येणारा सहा आकडी कोडही एसएमएसनेच येतो. तो वाचता आला की चोर त्याचं खातं आपल्या फोनवर घेतो आणि सोसायटीच्या, शाळेच्या, गावकीच्या सगळ्या ग्रुपमध्ये तीच फाइल टाकतो. म्हणून फाइल कुणी पाठवली याला इथे काडीचीही किंमत नाही.

खरं चलान तपासायला कुठलंच ॲप लागत नाही. महाराष्ट्रातल्या गाडीसाठी "महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन" आणि देशभरासाठी "ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन" हे पत्ते ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा आणि गाडीचा क्रमांक घालून पाहा. दंड असेल तर फोटोसकट दिसतो. आलेल्या लिंकवरून तिथे जाऊ नका, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटही असतात. एम-परिवहन हे सरकारी ॲप हवंच असेल तर ते प्ले स्टोअरमधून घ्यायचं.

आता फाइलवर बोट ठेवल्यानंतर काय होतं ते पाहू. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला "अज्ञात ॲप इन्स्टॉल करण्याची" परवानगी वेगळी द्यावी लागते. त्यामुळे पहिल्यांदा फोन अडवतो: व्हॉट्सॲपला या स्रोतावरून इन्स्टॉल करू द्यायचं का? इथे बटण सरकवलं की पहिलं दार उघडलं. मग प्ले प्रोटेक्टचा, म्हणजे धोकादायक ॲप तपासणाऱ्या गूगलच्या सोयीचा, इशारा येतो. एसएमएस वाचणं, एसएमएस मिळवणं, नोटिफिकेशन वाचणं आणि ॲक्सेसिबिलिटी (पडदा वाचण्याचा व हाताळण्याचा अधिकार) या चारपैकी एखादा अधिकार मागणारं ॲप ब्राउझर, मेसेंजर किंवा फाइल मॅनेजरमधून आलं असेल तर ते थेट अडवण्याची सोय गूगलने भारतात २०२४ च्या अखेरीस सुरू करायला घेतली. चोरांनी त्यावर उपाय काढला आहे: प्ले प्रोटेक्ट बंद कसं करायचं याचा छोटा व्हिडिओ फाइलसोबतच पाठवायचा. सुरक्षा बंद करायला सांगणाऱ्या सूचनेनंतरही लोक पुढे जातात याचं नवल वाटतं, पण दंडाची भीती आणि घाई माणसाला ते करायला लावते.

इन्स्टॉल झालेलं पहिलं ॲप बहुधा पोकळ असतं. उघडलं की एकच पडदा, "अपडेट आवश्यक आहे", आणि एक बटण. त्या बटणाने आतलं दुसरं ॲप बसतं आणि खरा चोर तोच. दोन टप्पे अशासाठी, की पहिल्यात आक्षेपार्ह काही नसल्याने तपासणीत ते सुटून जातं. दुसरं ॲप एसएमएस, फोन आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागतं. काही ॲप स्वतःलाच मुख्य मेसेज ॲप करायला सांगतात, म्हणजे आलेला मेसेज तुम्हाला दाखवायचा की नाही हेही तेच ठरवणार. काही ॲक्सेसिबिलिटी मागतात. हा अधिकार मिळाला की पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. बाहेरून आलेल्या ॲपला तो सहज मिळू नये म्हणून अँड्रॉइड १३ मध्ये अडसर घातला आहे. तो काढण्यासाठी ॲपच्या माहितीपानावरच्या तीन ठिपक्यांमध्ये जावं लागतं. तिथे कुणी तुम्हाला नेत असेल तर हेतू उघड आहे. शेवटी बॅटरीचे निर्बंध काढायची विनंती येते, म्हणजे फोन खिशात असतानाही ॲप मागे चालू राहील.

यानंतर येतो फॉर्म. नाव, मोबाइल, जन्मतारीख, मग "पडताळणीसाठी एक रुपया भरा" म्हणून कार्ड क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही, कधी एटीएम पिनसुद्धा. भरून झाल्यावर "सर्व्हर व्यस्त आहे" असं दिसतं आणि ॲपचं चिन्हच गायब होतं. माणसाला वाटतं, बिघडलेलं ॲप होतं, गेलं. ते गेलेलं नसतं, फक्त दिसेनासं झालेलं असतं.

कार्डाचे आकडे आणि एसएमएस, दोन्ही हातात आल्यावर चोराला तुमच्या फोनची गरज उरत नाही. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना सिमवरून बँकेला एक एसएमएस जातो आणि त्यावरून हा नंबर याच फोनचा आहे असं बँक मानते. तुमच्या फोनमधलं ॲप तो एसएमएस तुमच्या सिमवरून पाठवतं, यूपीआय मात्र चोराच्या फोनवर चालू होतं. नवा यूपीआय पिन करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. पहिली दोन फॉर्ममधून मिळालेली, तिसरं एसएमएसमधून चोराच्या टेलिग्राम बॉटवर (आपोआप चालणाऱ्या खात्यावर) पोचलेलं. नेट बँकिंगचा "पासवर्ड विसरलो"चा मार्गही असाच. खात्यात पैसे कमी असले तरी सुटका नाही: मुदत ठेव ऑनलाइन मोडतात, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतात, बँकेने आधीच मंजूर करून ठेवलेलं वैयक्तिक कर्ज उचलतात आणि तेही वळते करतात. हे बहुधा रात्री करतात, कारण झोपलेला माणूस फोन पाहत नाही.

आता उपाय. ॲप इन्स्टॉल झालं असेल, पैसे गेले असोत वा नसोत, पहिलं काम सिम बाहेर काढणं. लोक आधी ॲप शोधत बसतात, पासवर्ड बदलत बसतात, तेही त्याच फोनवरून. नवा पासवर्डही चोर वाचतो. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. त्या क्षणापासून ओटीपी त्या फोनवर येतील आणि चोराकडे जायचे थांबतील. बँकेचे पुढचे मेसेज व तक्रारीचा क्रमांकही तिथेच मिळेल. ई-सिम असेल तर विमान मोड चालू करा आणि वाय-फाय वेगळं बंद करा, कारण पुष्कळ फोनमध्ये विमान मोडवरही वाय-फाय चालू राहतं.

मग दुसऱ्या फोनवरून बँक. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. इंटरनेटवर शोधलेला कस्टमर केअर नंबर वापरू नका, त्यातही खोटे असतात. कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग ही तिन्ही बंद करायला सांगा. एक बंद केलं आणि दोन राहिली, असं पुष्कळदा होतं. त्या नंबरशी जोडलेल्या बाकीच्या बँकाही विसरू नका. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. खातं क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात. मधल्या एखाद्या खात्यात असतानाच ते गोठवता येतात. म्हणून कागद जमवून उद्या जाऊ असं म्हणू नका, आत्ता फोन करा. "सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन" वर सविस्तर तक्रार त्याच दिवशी पुरी करा.

बँकेला लेखी कळवल्याची वेळ जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण इथे बँक हमखास म्हणते की कार्डाचे तपशील तुम्हीच भरले. तो मुद्दा कमकुवत नाही. तरी त्याच परिपत्रकात हेही आहे की निष्काळजीपणा ग्राहकाचा असला तरी कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. रात्री अकराला कळवलं आणि एकला आणखी पन्नास हजार गेले, तर ते पन्नास हजार मागण्याचा हक्क याच वेळेवर उभा राहतो. तक्रारीचा निकाल बँकेने ९० दिवसांत लावायचा असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर "सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन" वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

फोन साफ करण्याचं काम यानंतरचं. दुकानदार पहिल्या मिनिटाला "रीसेट मारून देतो" म्हणतो. त्याला थांबवा, पुरावा जाईल. आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, फाइलचं नाव आणि ॲपचं माहितीपान यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. मग पॉवर बटणाच्या मेनूतून सेफ मोडमध्ये (यात बाहेरून बसवलेली ॲप चालत नाहीत) फोन सुरू करा, सेटिंग्जमध्ये सगळ्या ॲपची यादी उघडा आणि नाव नसलेलं, कोरं चिन्ह असलेलं किंवा त्या दिवशी बसलेलं ॲप शोधा. दोन असतात, हे लक्षात ठेवा. अनइन्स्टॉलचं बटण फिकट दिसलं तर त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार घेतलेला असतो, आधी तो काढा. कॉल फॉरवर्डिंग तपासा: *#२१# लावल्यावर अनोळखी नंबर दिसला तर ##००२# ने बंद होतं, नाही झालं तर कंपनीकडून बंद करून घ्या. यानंतर फोनमधले आपले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट. जुन्या फोनवरून नव्यावर सगळं उचलून नेणारी क्लोन ॲप वापरू नका, ती चोर ॲपही उचलून नेतात. व्हॉट्सॲपमध्ये लिंक केलेली उपकरणं काढा आणि टू-स्टेप पिन लावा. हा पिन असता तर नुसत्या एसएमएसवर खातं गेलं नसतं.

फाइल फक्त डाउनलोड झाली आणि इन्स्टॉल केली नाही, तर घाबरण्याचं कारण नाही. चॅटमधून आणि फाइल मॅनेजरमधल्या व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स फोल्डरमधून ती डिलीट करा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये मात्र आजच सेटिंग्जमधल्या स्पेशल ॲप ॲक्सेसमधलं "अज्ञात ॲप इन्स्टॉल करा" हे पान उघडून व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिन्हींची परवानगी बंद आहे का ते पाहा. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज आणि डेटा विभागात डॉक्युमेंटचं ऑटो-डाउनलोडही बंद ठेवा. सॅमसंगमध्ये ऑटो ब्लॉकर नावाची सोय आहे, ती चालू ठेवली की बाहेरची एपीके बसतच नाही. आयफोनवर एपीके चालत नाही, तिथे तोच मेसेज खोट्या साइटची लिंक घेऊन येतो.

तक्रार झाल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: तुमचे गोठवलेले पैसे सोडवून देतो, फाइलचा खर्च पाच हजार. फसलेल्यांचे नंबर विकले जातात, त्यामुळे समोरच्याला तुमची रक्कमही माहीत असते. गोठवलेली रक्कम सहसा पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश यांवर परत मिळते. त्यासाठी फोनवरून कुणालाही शुल्क भरायचं नसतं. तोही नंबर आपल्या तक्रारीत जोडून द्या.