स्टेल्व्हिओ सायकलने: प्रातोकडून की बोर्मिओकडून?

इटलीतल्या आल्प्समधली ही खिंड. माथा एकच, २७५७ मीटर. रस्ताही एकच, ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ मध्ये बांधलेला. तरी एका बाजूच्या प्रातो गावातून चढावं की दुसऱ्या बाजूच्या बोर्मिओतून, यावर मित्राचं अजून ठरत नाही.

प्रातोकडून सुमारे २४ किलोमीटरमध्ये १८०० मीटर चढ. वळणं ४८, क्रमांकासह. शेवटच्या भिंतीसारख्या चढावर उरलेली वळणं एकदम डोक्यावर दिसतात आणि धीर खचतो. १९५३ च्या जिरो डि'इटालिया शर्यतीत इटालियन सायकलपटू कोप्पी इथूनच इतरांना मागे टाकून सुटला होता. बोर्मिओकडून चढ तीनेकशे मीटरने कमी, वर थोडी सपाटीही मिळते. बोगद्यांसाठी दिवा मात्र हवाच. मोटारसायकलींचा गोंगाट दोन्हीकडे.

इतिहास अंगावर घ्यायचा तर प्रातो. गुडघे कुरकुरत असतील, तर बोर्मिओ.