मकरपुऱ्यातल्या शेडसाठी रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा: पत्रा उत्तम, लक्ष स्क्रूकडे द्या

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत नव्या शेडवर ०.५० मिमीचा रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा सर्रास दिसतो. निवड योग्यच आहे. हा पत्रा पोलादाचाच, पण त्यावरच्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के अॅल्युमिनियम, दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन आणि बाकी जस्त असतं. साध्या जीआय, म्हणजे नुसत्या जस्ताचा मुलामा असलेल्या, पत्र्यापेक्षा तो पुष्कळ जास्त टिकतो. बिलावर ‘एझेड १५०’ लिहून घ्या, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा. ०.५० ही जाडी मुलाम्या-रंगासकट की नुसत्या पोलादाची, हेही विचारा. भावातला फरक पुष्कळदा तिथेच असतो.

रंग पांढरा किंवा फिकट क्रीमच घ्यावा. मे महिन्यात गडद निळा पत्रा ६५ अंशांच्या वर तापतो. बिनरंगी चकचकीत पत्रा ऊन परतवतो खरा, पण एकदा तापला की उष्णता सहज सोडत नाही.

गळती मात्र पत्र्यातून क्वचितच होते, होते ती स्क्रूपाशी. पहाट आणि दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर १० मीटरचा पत्रा जवळपास ५ मिमी लांबतो, रात्री पुन्हा आखडतो. हा ताण रोज भोकांवर येतो. त्यात कारागिराने स्क्रू आवळायचं मशीन दाबून धरलं की वॉशरचं रबर बाहेर फुगतं आणि उन्हात तडकतं. ढिला स्क्रू तर पहिल्याच पावसात पाणी सोडतो. रबर धातूच्या टोपीच्या कडेला जेमतेम दिसलं की थांबायचं. वॉशर ईपीडीएम या ऊन-पावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचाच हवा, साधं रबर नको. छिद्रांचा लोखंडी कीस त्याच संध्याकाळी झाडून काढा, नाहीतर तो गंजून रंगावर डाग धरतो. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका, ठिणग्यांनी मुलामा जळतो.

उजेडासाठी लावलेला पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक प्लास्टिकचा) पत्रा पोलादाच्या पाचपटीहून जास्त प्रसरण पावतो, म्हणून त्याचं भोक स्क्रूपेक्षा ३-४ मिमी मोठं ठेवून वर रुंद वॉशर लावावा. छपरावर वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारा टर्बो व्हेंटिलेटर चांगला, पण खाली भिंतीत हवा आत यायला जाळ्या नसतील तर तो नुसता फिरतो.

देखभाल फार नाही. उत्तरायण झालं की पन्हळीतले पतंग आणि व्हेंटिलेटरला गुंडाळलेला मांजा काढा. जूनच्या आधी प्रत्येक स्क्रू तपासा. वॉशर कडक झाला असेल तर तिथे एक माप जाड स्क्रू घाला, नुसतं सिलिकॉन सीलंट फासू नका. पत्र्यावरची धूळ धुवा, धुळीने पांढरा रंगही तापतो. छपरावर चालताना पाय पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधाराच्या, रेषेवरच.

एसीच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारं पाणी पत्र्यावर पडू देऊ नका, तिथे मुलामा लवकर खाल्ला जातो. वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीसारख्या रासायनिक धुराच्या भागात साधा पॉलिएस्टर रंग पुरत नाही. तिथे पीव्हीडीएफ या जास्त टिकाऊ रंगाचा पत्रा महाग पडला तरी तोच घ्यावा.