टग हिलचा बर्फ आणि बफेलो कार्यालयाचा अंदाज : एक अभिप्राय

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजहून वॉटरटाउनकडे आय-८१ महामार्गाने हिवाळ्यात जा-ये करणाऱ्यांनी फोनवरच्या ढगाच्या चित्रावर विसंबून न राहता नॅशनल वेदर सर्व्हिस या सरकारी हवामान संस्थेच्या बफेलो कार्यालयाचा लेखी अंदाज वाचावा, असे मी आग्रहाने सुचवेन. ही सेवा विनामूल्य आहे आणि लेक इफेक्ट बर्फाच्या, म्हणजे सरोवरामुळे पडणाऱ्या बर्फाच्या, दिवसांत तिचा खरा कस लागतो.

ऑन्टॅरिओ सरोवर सरासरी ८६ मीटर खोल असल्यामुळे भर हिवाळ्यातही सहसा पूर्ण गोठत नाही. पश्चिमेकडून आलेली अतिथंड हवा त्याच्या लांबीवरून वाहताना खालून ऊब आणि बाष्प घेते आणि पूर्वेकडचे टग हिल पठार चढताना, आपल्याकडे घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तसा, बर्फ ओतते. फेब्रुवारी २००७ मध्ये रेडफील्ड या गावात सुमारे दहा दिवसांत १४१ इंच बर्फ पडला होता. मात्र हा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो. याच महामार्गावरील पुलास्की गावाजवळ समोरची गाडी दिसत नसताना थोड्याच मैलांवर लख्ख ऊन असू शकते, आणि वाऱ्याची दिशा किंचित बदलली तरी सारा पट्टा दुसऱ्या गावांवर सरकतो.

अशा वेळी बफेलो कार्यालयाचा ‘फोरकास्ट डिस्कशन’ हा मजकूर अमूल्य ठरतो. वारा केव्हा फिरेल, पट्टा कोणत्या बाजूला सरकेल याची कारणमीमांसा त्यात असते. शिवाय कोणत्या तासांबद्दल खात्री कमी आहे, हेही मोकळेपणाने लिहिलेले असते. हा प्रामाणिकपणा मला नेमक्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. भाषा तांत्रिक आहे खरी, पण नेटाने वाचल्यास ती लवकरच अंगवळणी पडते.

उणीव सांगायची तर लेक इफेक्टचा इशारा संपूर्ण काउंटीला (जिल्ह्याला) दिला जातो, त्यामुळे ओस्विगो काउंटीच्या ज्या भागात एक कणही पडणार नाही तेथेही तो लागू राहतो. याउलट २०१८ पासून सुरू झालेला ‘स्नो स्क्वॉल वॉर्निंग’ हा अचानक येणाऱ्या जोरदार हिमझोताचा अल्पकालीन इशारा नकाशावर आखलेल्या मोजक्या क्षेत्रापुरता असतो, आणि तो आल्यास महामार्गावर चढूच नये. पठारावरील मॉन्टॅग्यूच्या रडारचे चित्रही जरूर पाहावे. मात्र हे ढग बुटके असतात आणि दूर जाताना रडारचा किरण उंचावत जातो, त्यामुळे लांबच्या भागात पडद्यावर काही दिसले नाही तरी खाली बर्फ पडत असू शकतो.